ओ, यू, जी, एच

कॅलाबार, १४ नोव्हेंबर १९९३

चि. ओरोक यास इक्वोताईकडून दोन्ही गालांवर एकेक चापट आणि मगच आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र बावीस दिवसांनी पोचलं. पाकिटातून इतकी धूळ निघाली की आई म्हणाली, पोराने पत्राऐवजी गावच पाठवून दिलं. देशसेवेच्या वर्षासाठी लोक लागोसला नेमणूक मिळावी म्हणून ओळखी काढतात, आणि तू खेटे घालून घालून उत्तरेतलं आझारे मागून घेतलंस. तिथे नदी नाही, मासळी नाही, आपली एफिक भाषा बोलणारं कुत्रंसुद्धा नाही. काय खातोस ते तरी खरं लिही. तिकडचा तो पिठाचा गोळा, टुवो, चांगला लागतो असं लिहिलं होतंस, ते आईला वाचून दाखवलं तर तिने दिवसभर माझ्याशी अबोला धरला.

आईचा गुडघा सुजलेलाच आहे, तरी पहाटे बाजारात जाऊन सुकटीच्या टोपल्या मांडते. बाबा होते तसेच. शाळेतली नोकरी सुटल्यापासून दिवसाला दहा शब्द बोलतात, त्यातले चार जेवणाबद्दल. जेवण झालं की वर्तमानपत्र घेऊन मागच्या आंब्याखाली जाऊन बसतात.

आता पुढचं वाचून हसू नकोस.

आन्साला जाऊन सोळा महिने झाले. त्याची खोली मी दर शनिवारी झाडते, तुला माहीत आहे. त्याची ती वही टेबलावरच असते. ओ, यू, जी, एच ही चार अक्षरं लागोपाठ येतात असे इंग्रजी शब्द, एका पानावर एक, हिरव्या शाईत, आणि खाली आपल्या भाषेत अर्थ. स्क्रॅबलच्या स्पर्धेत समोरचा याच अक्षरांना अडखळतो, असं तो म्हणायचा. ही चार अक्षरं आपल्या एकेंग मामासारखी आहेत, प्रत्येक गावात वेगळं नाव सांगतात, ही त्याची चेष्टाही तुला आठवत असेल. डो म्हणताना एक, कॉफ म्हणताना दुसरं, थ्रू म्हणताना तिसरंच.

त्याने लिहिलेला शेवटचा शब्द सॉट. अर्थ: शोधलं. त्यापुढची पानं कोरी होती. मला हे नक्की ठाऊक आहे, कारण त्या पानापाशी बसून मी कितीतरी शनिवार रडले आहे. काल त्यापुढची दोन पानं भरलेली होती.

ड्राउट: फार दिवस पाऊस न पडणे. स्लफ: सापाने टाकलेली कात.

तीच शाई, तोच हात. जी या अक्षराचं शेपूट डावीकडून वर वळवून मध्येच सोडून द्यायची त्याची खोडही तशीच. मी वही मिटली, पुन्हा उघडली. तू ऑगस्टपासून घरी नाहीस. आईला अक्षर येत नाही. बाबांचा हात इतका थरथरतो की पेन्शनच्या कागदावर सही करायला त्यांना दोन मिनिटं लागतात. राहिले मी, आणि मी लिहिलेलं नाही.

आईला काही बोलले नाही. पण तीच काल भांडी घासताना म्हणाली, की दुपारी जेवणानंतर आन्साच्या खोलीतून पाठ केल्याचा आवाज येतो. एकच शब्द तीनतीनदा, त्याची जुनी सवय. मी विचारलं, भीती नाही का वाटत. ती म्हणाली, स्वतःच्या पोराची कसली भीती.

तू शहाणा आहेस, काहीतरी शहाण्यासारखं लिही. लोभ आहेच, तो त्या धुळीत पुरून ठेवू नकोस.

तुझी,
इक्वोताई


आझारे, २ डिसेंबर १९९३

ती. इक्वोताईस धाकट्याचा, नाकातोंडात वाळू असताना केलेला, नमस्कार. वि. वि.

टुवो वाईट लागतो. आईला सांग.

बाकी मजेत आहे. वर्गात एक्काहत्तर मुलं आहेत आणि खडू दिवसाला एक. त्यात झुलाई नावाची एक मुलगी आहे, ती मला रोज छळते. परवा तिने विचारलं, की जी आणि एच उच्चारायचेच नाहीत तर इंग्रजांनी ते लिहिले कशाला. मी म्हटलं, घरातली काही माणसं बोलत नाहीत, म्हणून त्यांची जागा काढून टाकतात का. वर्ग हसला. मला मात्र उगाच बोललो असं वाटलं.

ताई, ती वही तू कपाटात बंद कर. शाई ओल असली की फुटते, जुनी पानं एकमेकांना चिकटलेली असतात, तुझ्या नजरेतून दोन पानं सुटली असतील. शनिवारी त्या खोलीत जाणंही काही दिवस थांबव. आईचा आवाजाचा भास तर साहजिक आहे. रेडिओ कुणाकडे तरी लागत असेल.

असं मी तुला समजावतो आहे, आणि इथलं एक सांगायचं की नाही हे तीन दिवस ठरवतो आहे. सांगतोच. वाळवंटाकडून येणारा हरमाटनचा वारा सुरू झाला आहे. सकाळी अकराला वर्गात मी फळ्यावर सफ हा शब्द लिहिला. तोही त्याच चार अक्षरांवर संपणारा. पाठ करून घेत होतो. तेवढ्यात वारा पत्र्याखालून शिरला, आणि माझ्या पाठीमागून, फळ्याच्या बाजूने, कुणीतरी अगदी सहज म्हणालं, अर्थ सांग. दादा असाच म्हणायचा. शब्द टाकला की लगेच, अर्थ सांग, नुसती अक्षरं काय गाढवही मांडतं. मी वळलो. भिंत होती. झुलाईने उठून मुलांना घरी पाठवलं, कारण म्हणे माझा चेहरा राखेसारखा झाला होता.

सफ म्हणजे झाडांतून जाणाऱ्या वाऱ्याचा सुस्कारा. इथे शाळेतली एक चिंच सोडली तर झाडंच नाहीत.

स्लफचा आणखी एक अर्थ आहे. तेव्हा उच्चार वेगळा होतो, स्लाउ. ज्यात माणूस रुततो आणि वर येत नाही असा चिखल. तो अर्थ वहीत लिहिला आहे का, एवढं मात्र कळव. आणि नसेल तर काहीच कळवू नकोस. नाताळला येत नाही, प्रवास चार दिवसांचा आहे आणि पेट्रोलच्या रांगा तुला ठाऊक आहेत.

माझ्यावर रागावलीस तरी चालेल, विसरू नकोस.

तुझा,
ओरोक


कॅलाबार, १९ डिसेंबर १९९३

चि. ओरोक, आशीर्वाद आहेतच, ते फुकट मिळतात. वि. वि.

होय. तोही अर्थ लिहिला आहे. मागच्या वेळी मी खालची ओळ वाचली नव्हती.

आता आणखी दोन पानं झाली आहेत. बाउ: झाडाची मोठी फांदी. हिकप: उचकी. तुझं शाईचं शास्त्र तुझ्यापाशीच ठेव.

घरातली हकीकत ऐक. आई कुणाला न सांगता पांढऱ्या झग्याच्या प्रार्थनाघरात जाऊन आली. तिथल्या भाकीत सांगणाऱ्या बाईने डोळे मिटून सांगितलं, की तुझा मुलगा कमरेएवढ्या पाण्यात उभा आहे आणि एक शब्द शोधतो आहे, तो सापडेपर्यंत त्याला पाय उचलता यायचा नाही. आता त्या बाईला वहीबद्दल कुणी सांगितलं, हे देवालाच माहीत. आई घरी आली, पाणी प्यायली आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली.

काम म्हणजे काय, तर जो कोणी शिकलेला दिसेल त्याला अडवायचं आणि ओ, यू, जी, एच असलेला एक शब्द मागायचा. तिने ही चार अक्षरं माझ्याकडून कोळशाने टोपलीच्या झाकणावर लिहून घेतली आहेत. जकात कचेरीतल्या कारकुनाने थरो दिला. पाद्रीबाबांनी एकदम तीन दिले, अर्थांसकट. एका बँकेचे साहेब सुकट घ्यायला आले, भाव ऐकून इनफ म्हणाले, तर आईने तोच शब्द धरला आणि त्यांना वर मूठभर जास्त घातलं. एका कॉलेजातल्या मुलाने लाफ सांगितला. ती आनंदाने घरी घेऊन आली. मी म्हटलं, आई, त्यात ओ नाही, ए आहे. दुसऱ्या दिवशी तिने त्या मुलाला बाजारात गाठून सुनावलं, की हसण्यात माझ्या पोराचं अक्षर नाही, पुन्हा असा खोटा माल देऊ नकोस.

मी हे लिहिताना हसले, पण समोर बसून बघवत नाही रे. रात्रीचं जेवण झालं की ती बोटांवर शब्द मोजते, माझ्याकडून त्यांचे अर्थ ऐकते आणि प्रत्येकाला विचारते, हा असेल का. बाबांनी काल ताट सरकवलं आणि म्हणाले, पुरे करा. मग उठून गेले. महिनाभरात ते माझ्याशी बोलले ते एवढंच.

एक विचारते. त्या दिवशी सकाळी मी माझ्या शाळेत लवकर गेले होते. आई बाजारात, बाबा त्यांच्या शाळेत. घरी तुम्ही दोघंच होतात. आन्सा सहा वाजताच तयार होता, त्याच्या बुटांना मीच पॉलिश केलं होतं. ओरोनला जाणारी मोठी बोट आठची. धक्का अर्ध्या तासावर. मग तो नऊच्या त्या बुडालेल्या छोट्या होडीत कसा बसला. हे सोळा-सतरा महिने कुणी विचारलं नाही, कारण उत्तर मिळून काय होणार, असं सगळ्यांना वाटत होतं. मला आता तसं वाटत नाही.

तू पाण्यापासून इतका लांब का गेलास, ते लिही. वाट बघते.

तुझी,
इक्वोताई


आझारे, ९ जानेवारी १९९४

ती. ताईस, नमस्कार करायला हात धजत नाही, तरी करतो. वि. वि.

आईला ज्या शब्दाचा शोध आहे तो मला माहीत आहे. तो चफ.

त्या सकाळी आम्ही व्हरांड्यात शेवटचा सरावाचा डाव मांडला होता. नदीपलीकडच्या उयोच्या स्पर्धेला आपल्या संघात एकच जागा उरली होती. ती दादाला मिळाली, मी तीन गुणांनी राहिलो. मी तोंडाने अभिनंदन केलं आणि मनात जळत होतो, हे आधी लिहून टाकतो. डावात मी पुढे होतो. शेवटी दादाने एच-ओ या अक्षरांच्या पुढेमागे अक्षरं लावून चफ मांडला आणि जिंकला. मी म्हटलं, असा शब्दच नाही. तो म्हणाला, आहे, कुठेतरी वाचलाय, पण अर्थ आठवत नाही. घरातल्या छोट्या शब्दकोशात तो नव्हता. मी म्हटलं, मोठ्या कोशातही नाही, मी पाहिलंय. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. म्हणून मी आईचं बायबल उचललं आणि त्यावर हात ठेवून सांगितलं, नाही.

ताई, दोनच दिवसांपूर्वी बाबांच्या शाळेतल्या मोठ्या कोशात मी तो स्वतः वाचला होता. कावळ्याच्या जातीचा काळा पक्षी, पाय आणि चोच लाल. मला त्या पानाचा वाससुद्धा आठवतो.

दादा अस्वस्थ झाला. स्पर्धेत हा शब्द टाकला आणि खोटा निघाला तर, म्हणाला. वहीत लिहायला पेन काढलं होतं ते परत ठेवलं. मग घड्याळ बघितलं आणि पिशवी उचलून, बाबांच्या शाळेत जाऊन कोश बघतो आणि तिथूनच धक्क्यावर जातो, असं म्हणून निघाला. मी त्याला फाटकापर्यंत जाताना बघत होतो. हाक मारली असती तरी पुरलं असतं. मी बसून अक्षरांचे चौकोन पिशवीत भरत राहिलो. मला वाटलं, बोट चुकेल, स्पर्धा चुकेल, बरं होईल.

बोट चुकलीच.

मी म्हटलं होतं, मोजून तीन शब्द, असा शब्दच नाही. आता तो पाण्यात उभा राहून तोच शोधतो आहे, आणि तुझ्या वहीत एकेक पान त्या शब्दाकडे सरकतं आहे. पुढच्या पानावर चफ आला तर मला कळवू नकोस. मला तो इथेच ऐकू येईल.

हे आईला सांगायचं की नाही ते तू ठरव. मी घरी येण्याच्या लायकीचा नाही, म्हणून नदी नाही असं गाव मागून घेतलं. पण वारा इथेही आहे.

ओरोक


कॅलाबार, ३० जानेवारी १९९४

चि. ओरोक यास वडिलांचे आशीर्वाद. पत्रास कारण असे.

तुझे इक्वोला लिहिलेले पत्र मी फोडले. टपालपेटी माझ्या नावाची आहे, पाकिटावरचे नाव चष्म्याविना नीट दिसले नाही. पहिली ओळ वाचल्यावर चूक लक्षात आली, आणि तरीही मी पुढे वाचले. याबद्दल इक्वोची माफी मागितली आहे. तुझीही मागतो.

प्रथम वहीबद्दल. ती मी लिहितो. इक्वोला वाटते मी आंब्याखाली बसतो. वर्तमानपत्र तेथेच असते, मी नसतो. स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरून किल्ली घेतो आणि मागच्या दाराने आन्साच्या खोलीत जातो. चाळीस वर्षे मुलांकडून याद्या पुऱ्या करून घेतल्या. अर्धी राहिलेली यादी मला बघवत नाही. पान लिहिण्यापूर्वी शब्द तीनदा मोठ्याने वाचतो, कारण आन्साला तसे मीच शिकवले होते. अक्षराबद्दल म्हणशील तर तुम्हा तिघांनाही मीच वळण लावले, त्यातले फक्त त्याने उचलले. हिरवी शाई माझ्याच बाटलीतली, तो ती मला न विचारता नेत असे. माझा हात थरथरतो हे खरे आहे. त्या टेबलाशी बसलो की थरथरत नाही. त्याचे कारण मला विचारू नकोस, मला सांगता यायचे नाही.

आता त्या सकाळबद्दल. आन्सा माझ्याकडे आला तेव्हा सात वाजून दहा मिनिटे झाली होती. घाईघाईने म्हणाला, मोठा कोश पाहिजे. मी काढून दिला. त्याला शब्द सापडायला एक मिनिटसुद्धा लागले नाही. तो वाचून तो इतका हसला, की शेजारच्या वर्गातील मुले वळून पाहू लागली. मला म्हणाला, बाबा, ओरोकने मला चक्क गंडवले. बायबलवर हात ठेवला आणि पापणी हलली नाही. इतकी वर्षे मी त्याला सांगतोय की या खेळात निम्मे काम चेहऱ्याचे असते. पुढच्या वर्षी तोच जाणार, बघा. हे त्याचे शब्द आहेत. मी वाढवून लिहीत नाही, तुला माहीत आहे मला ते जमत नाही.

खेळात समोरच्याला शब्द नाही असे भासवणे ही चाल आहे. बायबलचे तू देवाशी बघून घे, ते माझ्या हातात नाही.

सव्वासात झाले होते. टॅक्सी फाटकाशी होती. त्याला आठची बोट मिळाली असती, आणि पाच-दहा मिनिटे उरली असती. मी त्याला जाऊ दिले नाही.

आदल्या संध्याकाळी मला कळले होते की या खेळापायी त्याने बँकेतील नोकरीचा राजीनामा दिला. कुणाला सांगितले नव्हते. मी त्याला कार्यालयात टेबलासमोर उभे केले, तो सत्तावीस वर्षांचा असून बसायला सांगितले नाही, आणि बोललो. तुझ्या आईने सुकट विकून तुला शिकवले, इथून सुरुवात केली. तो मान खाली घालून ऐकत होता. एकदाच त्याने मनगटाकडे बघितले. मी म्हणालो, घड्याळ माझ्याकडेही आहे. त्यानंतर त्याने बघितले नाही. मी थांबलो तेव्हा आठला दहा कमी होते. तो म्हणाला, येतो बाबा. मी हजेरीपट उघडला.

तू त्याला पाच मिनिटांच्या वाटेवर पाठवलेस. पस्तीस मिनिटे मी धरून ठेवले. अठरा महिने हे मी कुणाला सांगितले नाही. तू दुसऱ्याची गोष्ट स्वतःच्या नावावर लिहून बसला आहेस, म्हणून सांगावे लागले.

काल रात्री जेवताना मी दोन्ही गोष्टी, तुझी आणि माझी, तुझ्या आईला व इक्वोला सांगितल्या. तुझ्या आईने उठून भांडी आवरली.

चफ हा शब्द मी वहीत लिहिलेला नाही. तेवढे एक पान तुझ्यासाठी ठेवतो.

तब्येतीस जप. बाजरीची पेज चांगली असते म्हणतात.

तुझे वडील,
एफिओम ओतू


आझारे, १८ फेब्रुवारी १९९४

ती. बाबांस, पायांवर डोके ठेवून. वि. वि.

तुमचं पत्र शाळेतल्या चिंचेखाली वाचलं. झुलाई म्हणते मी तासभर तिथेच उभा होतो आणि तिने माझ्या वर्गाला पाढे म्हणायला लावले. तिला मास्तरीण व्हायचं आहे. मी म्हटलं, झालीच आहेस.

बाबा, दादा खरंच हसला ना. हे मी पुन्हा विचारतो म्हणून रागावू नका. मी गेले दीड वर्ष त्याला एकाच चेहऱ्याने बघत होतो, फाटकापाशी वळलेल्या. तो दुसऱ्या कुठल्या तोंडाने गेला असेल असं मला सुचलंच नाही.

तुम्ही पस्तीस मिनिटं लिहिली आहेत. मला ती तुमच्याकडून काढून घेता येत नाहीत. तुम्ही माझी पाच घेतलीत, तीही माझ्याजवळ अजून आहेतच. पण आता कुणाशी तरी बोलता येतील.

ईस्टरला येतो. रस्त्याने, इतूच्या पुलावरून, नेहमीसारखा. आईला सांगा, तिने बोलावलं तरच.

तुमचा,
ओरोक


कॅलाबार, ८ मार्च १९९४

ओरोक, मी मायेन, तुझी आई. इक्वो लिहिते आहे, मी सांगते आहे. शब्द इकडचा तिकडे करायचा नाही असं तिला बजावलं आहे.

तू बरा असशील. मी बरी आहे. गुडघा आहे तसा.

तुझ्या बापाने सांगितलं ते मी ऐकलं. तेव्हा बोलले नाही, कारण बोलले असते तर त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात पळी घातली असती. मग पंधरा दिवस विचार केला. तुम्ही शिकलेली माणसं. एक म्हणतो, माझ्या शब्दाने मेला. दुसरा म्हणतो, माझ्या भाषणाने मेला. इक्वो म्हणते, मी बुटांना पॉलिश करत बसले नसते तर तो आधी निघाला असता. हे तिने कालपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. लिही गं, तेही लिही.

मी नदीकाठी जन्मले. माझा बाप होडी वल्हवायचा. त्या होडीत आठ जणांची जागा होती. त्या माणसाने चौदा बसवले, वर तांदळाची पोती. तीन माणसं पोहून आली, त्यांनी धक्क्यावर माझ्यासमोर सांगितलं. आठ वाजता गेलेल्या बोटीत मी माझा पोरगा शोधत नाही. नऊच्या होडीत सहा माणसं जास्त होती. हे तुमच्यापैकी कुणीच कसं म्हणत नाही. दहा हजार बारीक अक्षरं वाचता तुम्ही, आणि हे कुणाला वाचता आलं नाही.

मी शब्द गोळा करायचं सोडलं आहे. त्या झग्यावाल्या बाईकडेही जात नाही. बाजारातली माणसं अजून आणून देतात, मी घेते आणि सुकट मोजू लागते.

खोलीतल्या आवाजाबद्दल. तुझ्या बापाचा आवाज मी ओळखते, छत्तीस वर्षं ऐकला आहे. तो वाचत होता हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं, त्याला वाटतं मला कळलं नाही. मी इक्वोला सांगितला तो आवाज वेगळा. एक वाचायचा, दुसरा चुका काढायचा. परवा दुपारी पाऊस होता, म्हणून तुझा बाप माझ्याशेजारी झोपला. घोरत होता. खोलीत वाचणं चालूच होतं. मी उठले नाही. वाचू दे म्हटलं, पोराला घाई नाही आता.

इक्वो थांबली आहे आणि माझ्याकडे बघते आहे. लिही.

तू पुलावरून येऊ नकोस. पुलावरून पाव्हणे येतात. ओरोनला उतर आणि पाण्यावरून ये, मोठ्या बोटीने. छोट्या होडीत पाय ठेवलास तर घरात घेणार नाही. शनिवारी मी दुकान मांडत नाही, धक्क्यावर उभी राहते.

तुझी माया माझ्यापाशी आहे, ती घ्यायला तूच ये.

आई

(ताई: तिने सांगितलं तसंच लिहिलं आहे. त्या दुपारी मी शाळेत होते, मला काही ठाऊक नाही. पण आता शनिवारी झाडायला जाते तेव्हा दार वाजवून आत जाते.)


ओरोन, धक्का, २ एप्रिल १९९४, सकाळी दहा

आई, नमस्कार. ही चिठ्ठी देणाऱ्या अदियाहा मावशी. सुक्या मासळीच्या व्यापारी आहेत, तुला ओळखतात म्हणाल्या. त्यांनाच वाचून दाखवायला सांग.

रात्रभर बसमध्ये होतो. इथे आल्यावर तासभर पाण्याकडे पाठ करून बसलो, मग वळलो. मोठ्या बोटीचं इंजिन बिघडलं आहे, ती अकराऐवजी दोनला सुटेल. तू दहापासून उभी असशील, म्हणून घाईने लिहितो आहे.

चिठ्ठीलाही उशीर झाला, त्याचं कारण. मावशींची होडी सुटताना मी माणसं मोजली. आठांच्या जागेत अकरा होती. मी होडीवाल्याला म्हटलं, तिघांना उतरव. तो म्हणाला, तू कोण. मी दोर धरून ठेवला. तो मला शिव्या देत होता, होडीतली माणसंही देत होती, कुणी म्हणालं, वेडा आहे, याला हाकला. माझा आवाज अगदी बाबांसारखा निघत होता. शेवटी एक म्हातारा आणि दोन मुली उतरल्या, मुलींमागोमाग त्यांची आईही, ती मला अजून तोंडभर बोलते आहे, तिच्या बहिणीच्या घरच्या समारंभाची वेळ टळते आहे म्हणे. ते चौघंही माझ्याबरोबर मोठ्या बोटीने येतील. तिकिटं मी काढली आहेत.

आता होडीत सात माणसं आहेत, आणि ही चिठ्ठी.

दोनला सुटलो की चारपर्यंत पोचू. ऊन फार आहे. सावलीत बस, उभी राहू नकोस. मी वरच्या कठड्यापाशी असेन.

तुझा,
ओरोक